देवमनरावांची नऊ वर्षं

एकोणतीस वर्षं मी लोकांच्या घरी न बोलावता गेले आणि एकदाही चहा घेतल्याशिवाय परत आले नाही. माझ्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. आमच्या संस्थेच्या कागदांत या कामाला 'गृहभेट' म्हणायचे. गावात मात्र मी एसटीतून उतरले की पोरं ओरडत पुढे पळायची, "भेटवाली बाई आली!" आणि मग घराघरातून भांडी आवरल्याचे, खाटा ओढल्याचे आवाज यायचे.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आईवडील गेलेली, किंवा असून नसल्यासारखी झालेली कितीतरी मुलं आजीआजोबांकडे वाढतात. अशा घराला सरकारची थोडी मदत मिळते. पण त्याआधी मूल तिथे नीट वाढतंय याची समितीला खात्री हवी असते. समिती बसते अमरावतीला, मूल असतं चांदूर बाजारच्याही पुढे, आणि मधल्या रस्त्यावर एसटीत मी. मी जायचं, घर बघायचं, मुलाशी बोलायचं, दप्तर उघडायचं, आजीच्या औषधांची पिशवी बघायची, घरासमोर सगळ्यांचा फोटो काढायचा आणि अहवाल लिहायचा. समिती एका वर्षाचा आदेश देते. वर्ष संपलं की पुन्हा तारीख, पुन्हा मी, पुन्हा चहा.

एक दोष आधीच कबूल करते. मला नको तिथे हसू येतं. साधंसुधं नाही, एकदा सुरू झालं की पदर तोंडात कोंबून बाहेर जावं लागतं. या दोषापायी मला दोन लेखी समज मिळाल्या आहेत. त्यातली दुसरी घ्यायला गेले तेव्हाही हसू आलं होतं.

पण तुम्हीच सांगा, हसू नये कसं? मदत मिळायची तर घर गरीब दिसायला हवं आणि मूल जवळ ठेवायचं तर घर चांगलं दिसायला हवं. बिचाऱ्या आजीआजोबांना यातलं नेमकं काय दाखवायचं ते कळायचं नाही, म्हणून ते दोन्ही दाखवायचे. दारात सुतळ्या लोंबणारी बाज, आणि आत गेलं की फ्रिज! अचलपूरकडच्या एका गावात माझ्या एका दिवसात चार भेटी होत्या. पहिल्या घरी फ्रिज दिसला, त्यावर पोपटाचं स्टिकर. दुसऱ्या घरी फ्रिज, त्यावर पोपटाचं स्टिकर. तिसऱ्या घरीही तोच पोपट. चौथ्या घरी मी जरा लवकर पोचले, तर चार बाप्ये गल्लीतून फ्रिज उचलून आणत होते. मला बघून त्यांनी तो मधोमध खाली ठेवला आणि हात जोडले, "नमस्कार म्याडम." मी तिथल्याच ओट्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शेवटी ते चौघंही हसायला लागले. चारही अहवालांत मी लिहिलं, 'शेजाऱ्यांचे सहकार्य उत्तम.' त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

या अहवालाला अठरा रकाने होते. सतरा मी चहा पिता पिता भरायची. अठरावा मात्र मला कधी सोपा गेला नाही. 'पालकांच्या पश्चात मुलाचा सांभाळ कोण करणार?' समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे विचारायचं म्हणजे, तुम्ही मेल्यावर काय, असंच विचारायचं. उत्तरं एकेक नग मिळायची. कोणी म्हणायचं, "देव हाय." कोणी म्हणायचं, "तुमीच घेऊन जाजा." एका आजीने उलट विचारलं, "काहून, मी कुठी चालली?"

हसण्यावारी नेला म्हणून हा रकाना काही हसण्यासारखा नाही. फार पूर्वी अकोल्याजवळच्या दोन बहिणींच्या अहवालात मी तो रिकामा सोडला होता. जरा हिंडले असते तर कोणी मावशी, कोणी चुलती सापडली असती. पण मार्चअखेर होती आणि मी कंटाळले होते. पोरी वसतिगृहात गेल्या. आजी दर रविवारी त्यांची वेणीफणी करायला बसने यायची. एका रविवारी ती आली नाही. पोरी दुपारपर्यंत कंगवा हातात घेऊन फाटकाशी बसून होत्या, असं तिथल्या बाईंनी मला नंतर सांगितलं. ते माझ्या मनातून आजही जात नाही.

तर आता देवमनराव.

देवमनराव आणि पंचफुलाबाई हे चांदूर बाजारकडचं माळ्याचं जोडपं. दीड एकरात झेंडू, शेवंती आणि बांधावर थोडी वांगी. मुलगा आणि सून नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात कामाला होते. दोघंही एकाच दिवशी दुचाकीच्या अपघातात गेले. मागे राहिली तीन वर्षांची गुड्डी. मी सांगते आहे तेव्हा गुड्डी सात वर्षांची होती, दुसरीत होती, तिचे समोरचे दोन दात पडले होते आणि ती अखंड बोलायची.

देवमनरावांची आणि माझी ओळख एसटीतच झाली. बायकांना, पोरांना आणि पासष्टीच्या पुढच्यांना एसटीत अर्धं तिकीट लागतं, आणि पंच्याहत्तरी ओलांडली की प्रवास फुकट. कंडक्टर जवळ आला की हा गडी धोतराच्या सोग्यातून आधार कार्ड काढायचा, सगळ्या गाडीला दिसेल असं धरायचा आणि म्हणायचा, "पंच्याहत्तर!" काही काम नसतानाही ते आठवड्यातून दोनदा अमरावतीला जाऊन यायचे. फुकट आहे तर कायले सोडायचं, असा त्यांचा हिशेब. मला त्याची गंमत वाटली आणि अहवालात मी तेच वय लिहून टाकलं. अठराव्या रकान्यासमोर लिहिलं, 'पालकांचे वय जास्त. पर्यायी पालक नाही.' त्यांनी तेव्हा कोणाचं नावच दिलं नव्हतं. पण त्या दोन ओळींनी काय केलं ते पुढे ऐका.

समितीच्या अध्यक्ष मॅडम नव्या होत्या. कडक, पण वाईट मुळीच नव्हत्या. त्यांनी तिघांना समोर बसवून अहवाल वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"आजोबा पंच्याहत्तर, मुलगी सात. अजून अकरा वर्षं तिला सांभाळायचंय. तुमच्यानंतर कोण, ते मला सांगा. महिनाभराची तारीख देते. नाव नसेल तर वसतिगृहाचा विचार करावा लागेल. शाळा चांगली आहे तिथली."

पंचफुलाबाईंनी गुड्डीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली, "माय, दुखते न!" आजीला ती 'माय' म्हणायची आणि आजोबांना 'आबा'.

चार दिवसांनी देवमनराव आमच्या ऑफिसात आले. खुर्चीवर बसले नाहीत. टेबलावर आधार कार्ड ठेवलं आणि म्हणाले,

"म्याडम, मले ल्हान करा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"काय करू?"

"ल्हान करा मले. हे वय खोटं हाय. आधारच्या क्याम्पात पोट्टा इचारे, बुवा, जन्म कवाचा? मले काय मालूम? मांगून एक जण म्हणे, जास्त सांगा, म्हातारपणी कामी पडते. मी सांगून देल्लं."

"मग खरं वय किती?"

"थे मले मालूम असतं तं मी खोटं काहून सांगतलं असतं?"

या युक्तिवादापुढे मी पदर तोंडात धरला. मग म्हटलं, देवमनराव, वय राहू द्या. त्यापेक्षा एखादं नाव द्या. त्या दिवशी गुड्डी सांगत होती, तुमची मुलगी आहे ना अकोल्याला?

तिथे त्यांनी मान फिरवली.

शालू त्यांची धाकटी. जावई दालमिलमध्ये कामाला, माणूस चांगला. लग्नाला नऊ वर्षं झालेली, पण मूलबाळ नव्हतं. आणि आमच्याकडच्या जुन्या माणसांची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. हल्ली कोणी पाळत नाही. देवमनराव पाळत होते. नऊ वर्षं ते अकोल्याला जात होते घरून पाण्याची कॅन घेऊन! अकोल्याचा मे महिना ज्यांनी सोसलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. लेक आत रडतेय, जावई थंड पाण्याचा तांब्या घेऊन उभा आहे, आणि सासरे ओसरीवर बसून कॅनमधलं गरम पाणी पिताहेत.

"तिले कसं इचारू?" ते म्हणाले. "तिले लेकरू नाई. तिले म्हणू, आमी मेलो का मंग हे लेकरू घेजो? थे का आमच्या मरनाची वाट पाहत बसन काय? मी नाई इचारत. तुमी मले ल्हान करा."

मी तीन वेळा समजावलं. मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस हवा तितका लहान होईल, पण लेकीला फोन करणार नाही. ठीक आहे, म्हटलं, लहान तर लहान.

वय शोधायची आमची पद्धत अशी, की आधी आठवणी काढायच्या. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही काय करत होता? देवमनराव एकदम खुलले. "खडी फोडाच्या कामावर जाओ न! पन मुकादम हाकलून दे. म्हणे, पोट्टं हाय तू, घरी जाय." पंच्याहत्तरवाला माणूस तेव्हा तेवीस वर्षांचा असता, त्याला कोण पोट्टं म्हणून हाकलेल? माझे कान टवकारले. शाळेत गेला होतात का? चौथीपर्यंत गेले होते.

मग आम्ही त्यांच्या गावच्या शाळेत गेलो. मुलं शाळेत दाखल झाली की ज्या मोठ्या वहीत नाव, जन्मतारीख लिहितात ती वही शाळा कधी टाकून देत नाहीत. निदान उंदरांच्या मालकीची करून ठेवतात. हेडमास्तरांनी लोखंडी पेटी उघडली. मी, हेडमास्तर आणि देवमनराव तिघंही शिंकत पानं उलटत होतो. दारात अर्धं गाव जमलं होतं. शेवटी सापडलं: देवमन, वडिलांचं नाव बरोबर, जन्मतारीख स्वच्छ शाईत. मी बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं.

"देवमनराव, तुम्ही सहासष्टचे आहात."

नऊ वर्षं एका झटक्यात गेली! आणि दारात गोंधळ सुरू झाला. इतकी वर्षं देवमनराव आळीतले सगळ्यांत वडील म्हणून कार्यक्रमात नारळ फोडत होते, लग्नात पहिला मान घेत होते, तंट्यात शेवटचा शब्द बोलत होते. ज्यांना ते 'काय रे' म्हणत होते त्यातले तिघं त्यांच्याहून मोठे निघाले. त्यातला एक तिथल्या तिथे पुढे आला आणि म्हणाला, "देवमन्या, पाया पड बे!" देवमनराव खरंच पाया पडले. हेडमास्तर पेटीवर बसून हसत होते, आणि माझ्याबद्दल तर बोलायलाच नको. देवमनराव दाखल्याची प्रत छातीशी धरून सगळ्यांना सांगत होते, "गुड्डी अठराची होईन तवा मी सत्त्याहत्तरचा. जमते न? जमते!"

तारखेच्या दिवशी गुड्डीला घेऊन दोघं नवराबायको आले तेव्हा मी देवमनरावांना ओळखलंच नाही. त्यांनी कलप लावला होता. केसांना, मिश्यांना आणि भुवयांनासुद्धा. उन्हातून चालत आल्यामुळे एक काळा ओघळ कानामागून सदऱ्याच्या कॉलरपर्यंत पोचला होता.

"आबानं मिशीले बूट पालिश लावली," गुड्डीने आत शिरताच अध्यक्ष मॅडमना सांगितलं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मॅडमनी दाखला वाचला, समाधानाने मान हलवली. मग मी सोबत जोडलेला दुसरा कागद त्यांनी उचलला. पंचफुलाबाईंचे वडील गावचे कोतवाल होते. गावातल्या जन्ममृत्यूची नोंद कोतवालाच्या बुकात व्हायची, त्यामुळे बाईंची जन्मतारीख पक्की होती. दोन्ही कागद मीच एकत्र टाचले होते आणि मलाच काही दिसलं नव्हतं. मॅडमनी मोठ्याने वाचलं.

"आजोबा, सहासष्ट. आजी..." त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. "आजी अडुसष्ट?"

देवमनरावांनी सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"मले मालूम होतं," पंचफुलाबाई शांतपणे म्हणाल्या. "लगनाच्या वक्ती माह्या बापानं सांगतलं होतं. पोरगा दोन वर्सानं ल्हान हाय, बोलजो नोको."

"पन्नास वर्सं?" देवमनराव म्हणाले. "पन्नास वर्सं तू बोलली नाई?"

"तुमी इचारलं नाई."

माझा बांध फुटला. पदर तोंडात कोंबूनही उपयोग झाला नाही. मी वाकून हसत होते, आणि बघते तर मॅडमनी अहवाल तोंडासमोर धरला होता आणि तो अहवाल थरथरत होता. आमचं बघून गुड्डीही हसायला लागली. देवमनरावांचा कलप आता हनुवटीपर्यंत आला होता.

पण मॅडम कामाच्या बाई. डोळे पुसले आणि अठराव्या रकान्यावर बोट ठेवलं. "वय कमी झालं, मला आनंद आहे. पण हे अजून रिकामंच आहे. दोघांच्या नंतर कोण? नाव नसेल तर मला आज सही करता येणार नाही."

हसू जिथल्या तिथे विरलं. मला त्या दोन बहिणी आठवल्या. हा रकाना या वेळी रिकामा गेला असता तर मी स्वतःला तोंड दाखवू शकले नसते.

"लिहा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "लेक हाय माही अकोल्याले. शालू. तिचं नाव लिहा."

"ए," देवमनराव ताडकन म्हणाले, "मी नाई म्हणलं होतं न?"

पंचफुलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मी त्यांना इतकं ताठ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मी मोठी हाय न? आता कागदावर बी हाय. पन्नास वर्सं मी तुमचं आयकलं, आता ल्हान हा तं माहं आयका. तिचं दुख झाकाच्या पायी तुमी तिले घरातून काहाडून देल्लं. नाव लिहा, म्याडम."

देवमनराव उठले नाहीत, रागावले नाहीत.

नाव लिहायला शालूची संमती लागणार होती. मॅडमनी तिथल्या तिथे फोन लावायला सांगितला. मी स्पीकर सुरू केला, कोण बोलते आहे, कशासाठी ते सांगितलं आणि विचारलं, तुमची तयारी आहे का? पलीकडे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"चार वर्सं झाले माहा भाऊ जाऊन," शालू म्हणाली. "चार वर्सं मी वाट पाहून राहिली का हा माणूस मले एका शब्दानं इचारन. लिहा माहं नाव. याह्यचं बी लिहा, ते हो म्हणतेत." मधे ती थांबली, बहुतेक रडत होती. मग एकदम कडाडली, "अन् बाबाले सांगा, थे कॅन घेऊन माह्या दारात पुन्हा आले तं मी थे कॅन रोडवर फेकून देईन!"

मॅडमनी सही केली. एका वर्षाचा आदेश. देवमनरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि त्यावर कलपाची दोन काळी बोटं उमटली.

बाहेर आल्यावर मी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. चांदूर बाजारची गाडी लागलेली होती. देवमनराव ती सोडून पुढे चालत गेले आणि अकोल्याच्या गाडीत चढले. पंचफुलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आधार दुरुस्त होऊन यायला अजून वेळ होता, देवमनरावांना त्या दिवशीही फुकट जाता आलं असतं. पण कंडक्टर आला तेव्हा मी खिडकीखालून ऐकलं, "तीन हाफ दे. एक बाई मानूस, एक लेकरू, अन् एक मी. मी आता ल्हान झालो." गाडी सुटली तेव्हा गुड्डी मागच्या काचेतून हात हलवत होती.

संध्याकाळी मी घरी पोचून चहा टाकत होते तोच पंचफुलाबाईंचा फोन आला. मागे भरपूर आवाज होता आणि गुड्डी कोणालातरी दातांची गोष्ट सांगत होती.

"पानी पेले, म्याडम! दोन गिलास पेले."

"अहो, पण कसं काय? काय म्हणाले ते?"

"दारात उभेच राहिले. शालू तांब्या घेऊन उभी, जावई उभे. गुड्डी तं पयलेच पयत पयत घरात घुसली होती, आत जाऊन टीवी लावला तिनं. मंग हे शालूले म्हणे, तुह्या घरात लेकरू आलं न आता? मंग आन पानी."